गटाराचा शेख

गावाचं सगळं सांडपाणी शेवटी औदाच्या ताब्यात येई. टाक्यांत गाळ खाली बसायचा, पाणी लव्हाळ्याच्या वाफ्यांतून झिरपायचं, मग उघड्या तळ्यात ऊन खायचं आणि अखेरीस लसूणघासाच्या शेतात जायचं. दक्षिण जॉर्डनच्या त्या वाळवंटात उंटालासुद्धा चाऱ्यासाठी वणवण करावी लागते, पण औदाचं शेत बारा महिने हिरवं. दुष्काळात मेंढपाळ त्याच्याकडे पेंढ्यांसाठी गर्दी करत आणि पेंढ्या गाढवावर चढल्या की हसत म्हणत, "येतो हं, गटाराचे शेख!" माणसाची जातच अशी, ज्या ताटात खाईल त्यालाच नावं ठेवील.

औदाही हसून घ्यायचा, पण ते त्याला फार लागायचं. लग्नकार्यात तो सगळ्यांपासून लांब, दाराशी बसे. अंगाला वास येतो अशी त्याची खात्रीच झाली होती. बायको सब्हा शपथेवर सांगे की काही येत नाही, पण ऐकतो कोण!

अशात त्याच्या लेकीला, नूफला, स्थळ आलं. नूफ गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवायची. घर चांगलं होतं, मुलगा चांगला होता, आणि औदाने मध्यस्थाला बेधडक सांगून टाकलं, मी सरकारी कचेरीत असतो.

सब्हाने कपाळावर हात मारला. "अहो, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?"

"लग्न होईस्तोवर राहिलं तरी पुरे," औदा म्हणाला.

मागणी घालायला मुलाकडचे पुरुष आले. सगळ्यांत वडीलधारे होते मुलाचे आजोबा, हाजी मुतलक. औदाने लिंबाने घासघासून लाल केलेल्या हातांनी त्यांना कॉफी दिली. त्यांनी पेला न पिताच समोर ठेवला. मागणं मान्य होईपर्यंत कॉफीला तोंड लावायचं नाही, ही रीतच.

"आमच्या रकानसाठी तुझी नूफ मागायला आलोय," हाजी म्हणाले. "पण आधी एक सांग. तू काम काय करतोस?"

"कचेरीत असतो. खुर्चीवरचं काम."

"मागं आमच्या बायका येऊन गेल्या. त्यांना तुझी पोर म्हणाली, माझे बाबा गावाचं पाणी शुद्ध करतात. आता एका घरातून दोन गोष्टी ऐकल्या. खोटं कोण बोलतंय, तू की ती?"

औदाच्या तोंडून निघून गेलं, "पोरच ती. बोलते काहीबाही."

पडद्यामागे बायकांची कुजबुज चालली होती, ती थांबली. तिथं नूफही होती. आपण काय बोललो ते औदाला तेव्हा कळलं. स्वतःचं नाक वाचवायला त्याने पोटच्या पोरीला भर बैठकीत खोटारडी ठरवलं होतं. आजवर गटाराची लाज वाटली, पण ही लाज वेगळी होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"मी खोटं बोललो, हाजी," तो मान खाली घालून म्हणाला. "कामाची लाज वाटली. पोर खरंच बोलली होती."

"मग झालं तर. खोटं बोलणारी सून नको होती, म्हणून विचारलं. तुझ्या गटाराचं आम्हाला काय रे? बोल, देतोस पोर?"

"दिली. कॉफी घ्या."

हाजींनी पेला उचलला. आत बायकांनी आनंदाचे हेल काढले. पाहुणे जेवले, खुशीत परतले, आणि कोणी तो विषय पुन्हा काढला नाही.

नूफ पेले गोळा करायला आली. औदा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. "नूफ, बाळा, माझं..."

तिने वर पाहिलं नाही. "पाहुण्यांना शेत दाखवायला न्याल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "म्हणून सकाळीच पाणी सोडून ठेवलं होतं मी. जा, बंद करून या."