कुलरातले पऱ्हे

माझं शिक्षण डिझाइनचं. कुडव्याच्या घरी मागच्या खोलीत बसून मी रोजच्या वस्तू अशा घडवायचा खटाटोप करते, की जुन्या झाल्या तरी त्या उकिरड्यावर जाऊ नयेत. नवऱ्याच्या मते मी चांगल्या वस्तू मोडते. अगदीच खोटं नाही ते.

त्या वर्षी बाबांनी बैलजोडी विकली. कामठ्याची आमची माहेरची शेती ट्रॅक्टरवर गेली, गोठा रिकामा झाला आणि बाबा एकदम गप्प झाले. जेवणानंतर घोरायला लागणारा माणूस आता भर दुपारी छताकडे बघत पडून राहायचा. मला फार काळजी वाटायची. बाहेर धानाच्या तणसाचा, मळणीनंतर उरलेल्या पेंढ्याचा, ढीग तसाच उभा होता. लोक तणस शेतातच पेटवून द्यायचे, पण बाबांचा हात काही धजत नव्हता.

मला एक युक्ती सुचली. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कुलरच्या बाजूंना लावलेल्या, पाण्याने भिजणाऱ्या गवताच्या ताट्या बदलतात आणि जुन्या जाळीसकट फेकून देतात. मी डब्यासारखी उघडणारी ताटी केली. आत तणस भरायचं, उन्हाळा संपला की ते खतात टाकायचं आणि ताटी पुढच्या वर्षी परत वापरायची. पहिला प्रयोग बाबांच्याच कुलरवर केला. त्यांनी मदत केली नाही आणि अडवलंही नाही.

आठवड्याभरात त्यांचा फोन आला, येऊन पाहून जा म्हणून. बाबा आपणहून फोन करत नाहीत, त्यामुळे मी स्कूटी दामटत गेले. बघते तर काय, ताट्यांच्या जाळीतून हिरवेगार कोंब बाहेर आलेले! धान उत्पादकाची पोर मी, पण तणस झोडपून घ्यायचं साफ विसरले होते. आत राहिलेल्या दाण्यांना दिवसभर गार पाणी मिळालं, मग ते कशाला थांबतात?

"तू त कुलरात पऱ्हे टाकले ना वो माय," बाबा म्हणाले आणि पोट धरून हसले. बैल गेल्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं. शेजारचे काका या पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, रोवणी कधी आहे ते विचारून गेले.

मी हसले खरी, पण माझं नाक वेगळंच सांगत होतं. खोलीभर ओल्या तणसाचा वास कोंदला होता, थेट गोठ्यासारखा. असल्या ताट्या विकत कोण घेणार? मी खट्टू होऊन ताटी काढायला लागले, तर बाबांनी तिच्यावर हात ठेवला.

"काऊन काढून राहिली? राहू दे. या वासानं दुपारी डोळा लागते. बैल बाजूलेच बांधून असल्यावानी वाटते."

मी कोंब खुडून शेजारच्या गाईपुढे टाकले आणि ताटी परत बसवली.

आता विकायच्या ताट्यांत मी तणस झोडपून, उकळत्या पाण्यातून काढून, वर थोडा वाळा घालून भरते. वासाची तक्रार कोणी करत नाही. बाबांच्या ताट्यांत मात्र नुसतं तणस असतं. वास कमी झाला की त्यांचा फोन येतो, आणि मी नवं भरून देते.