प्रवासातून आलेल्याकडे आधी जायचं

लीलाताई गेल्याचा निरोप खालच्या वाण्याच्या फोनवर आला. फोनवर आप्पा होते, लीलाताईंचे यजमान. "शकू, ही दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही गं," एवढंच बोलले. मी दुकानात साबणाच्या खोक्यांना टेकून उभी. पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगते... हायसं वाटलं. त्यांच्या छातीच्या दुखण्याने आम्हा सगळ्यांना घोर लावला होता, आणि नळ्या लावून कॉटवर पडून राहण्याची त्यांना मनापासून चीड होती. तसं काही झालं नाही. रडू नंतर आलं, जिना चढताना. पण त्या रडण्यातही एक समाधान होतं. कारण ही बाई मी एकदा जवळजवळ गमावून बसले होते, आणि तेही दोघी धडधाकट असताना.

आमची ओळख नायजेरियातली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिकडे शिक्षकांना चांगली मागणी होती. आमच्या ह्यांना मुलांच्या शाळेत फिजिक्स मिळालं, मला मुलींच्या शाळेत गणित. उत्तरेकडचं कोरडं, धुळीचं गाव. दारंखिडक्या लावल्या तरी पोळीत कचकच लागायची. माझं माहेर महाडकडचं, आम्ही बौद्ध. शेजारच्या शहरात रविवारी भारतीय शिक्षकांची मंडळी जमायची, पुऱ्या, बटाट्याची भाजी, कॅसेटवर गाणी. मोठ्या हौसेने गेलो. तिथल्या एका मराठी बाईंनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "हो का, हो का," म्हणत त्या ताटं मांडायला निघून गेल्या, त्या पुन्हा काही आमच्याकडे फिरकल्या नाहीत. कोणी वाकडा शब्द बोललं नाही. पण हे "हो का" आमच्यासारख्यांना बरोबर कळतं, लहानपणापासून कान तयार झालेले असतात. एवढा समुद्र ओलांडून हेच ऐकायला आलो का, असं वाटलं आणि पुढच्या रविवारी मी डोकं दुखतंय म्हणून घरीच बसले.

त्याच रविवारी लीलाताई दारात उभ्या राहिल्या. शाळेत त्या भूगोल शिकवायच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या, मूळच्या साताऱ्याच्या कुलकर्णी. तोवर आमचं बोलणं स्टाफरूमपुरतं होतं. "तिकडे गेली नाहीस? छान केलंस. मीही जात नाही, पुऱ्या फार तेलकट असतात त्यांच्या. चल, बाजारात जाऊ." आणि निघालोही. आमच्याबरोबर शाळेत शिवण शिकवणारी हलीमा होती, तिथलीच, धिप्पाड आणि हसरी. त्या बाजारात मी पहिल्यांदा पाहिलं, की लीलाताई कांदेवालीपुढे बसून आधी तिच्या घरच्यांची, मग मुलांची, मग धंद्याची चौकशी करतात आणि तीही यांची करते, आणि हे सगळं आटोपल्यावर कांद्यांचा विषय निघतो. मला दम निघेना. "लीलाताई, ऊन झालं. कांदेच तर घ्यायचेत!" तर म्हणतात कशा, "कांदे साताऱ्यालाही मिळतात गं. इथे माणसं मिळवायची आहेत."

हळूहळू मलाही सवय लागली. हलीमाने आम्हाला तिथल्या रीती शिकवल्या. त्यातली एक अशी, की प्रवासातून कोणी परत आलं तर बाकीच्यांनी त्याच्या घरी जायचं. आलेल्या माणसाने घरात बसून राहायचं, लोक येतात, खुशाली विचारतात. एकदा आम्ही सुटीत मुंबईला येऊन परत गेलो, तर दुसऱ्या दिवशी सकाळपासून दाराशी रांग! हलीमा तर जिवंत कोंबडी घेऊन आली. लीलाताई पूर्ण शाकाहारी, त्या कोंबडीकडे न बघता आमच्या बाजेवर पाय वर घेऊन बसल्या आणि दिवसभर हलल्या नाहीत. मला मलेरिया झाला तेव्हाही अशाच बसल्या होत्या. माझ्या डोक्यावरच्या पट्ट्या बदलत भूगोलाचे पेपर तपासायच्या. आईशिवाय असं माझं कोणी केलं नव्हतं.

ह्यांचं कंत्राट आधी संपलं. आम्ही परतलो आणि घणसोली गावात खोली भाड्याने घेतली, भोवती भातशेती, वाशीला जायला बस. आप्पांनी वाशीला आधीच फ्लॅट घेऊन ठेवला होता; काही महिन्यांनी तेही यायचे होते. निघताना लीलाताई म्हणाल्या होत्या, "आता काय, शेजारीच आहोत." मी मात्र मनातून धास्तावले होते. हे तर स्पष्टच म्हणायचे, "शकू, परदेशातली मैत्री विमानतळापर्यंत. तिथे त्यांना दुसरं कोण होतं? इथे त्यांचे नातेवाईक आहेत, त्यांची माणसं आहेत." मी चिडायचे. पण चिडायचे, कारण मलाही तीच भीती होती.

मग वाशीच्या बाजारात आमच्या ओळखीचे एक शिक्षक भेटले. म्हणाले, कुलकर्णी येऊन तीन आठवडे झाले की!  आमचा पत्ता त्यांच्याकडे होता. मी वाट बघायला लागले. दुपारी गावातली बस आली की उगाच दारात जायचे. आठवडे गेले, कोणी आलं नाही. स्वतःहून जावंसं वाटे, पण पाय निघेना. त्यांनी दार उघडलं आणि मागे सोफ्यावर कोणी बसलेलं असलं आणि लीलाताईंच्या तोंडून ते "हो का" ऐकू आलं तर? दुसऱ्या कोणाचं मी सोसलं असतं. त्यांचं मला सोसलं नसतं. 

एका सकाळी घरमालकीण बायजाबाई अंगणातून ओरडली, "शकूबाय, कोनतरी बाई आयलीय गो! लय रागान हाय!"

लीलाताई होत्या. चिखलाने भरलेल्या चपला, हातात मिटलेली छत्री. दारातच उभ्या राहिल्या आणि आधी सगळी खुशाली विचारली, अगदी तिथल्यासारखी. घर कसं आहे, यजमान कसे आहेत, काम कसं आहे. मी गोंधळून बरं आहे, बरं आहे म्हणत राहिले. ते संपलं आणि मग तोफ सुटली.

"प्रवासातून कोण आलं, तू की मी?"

"तुम्ही."

"मग कोणी कोणाकडे यायचं? वाशीला नुसती भिंतींकडे बघत बसलेय मी. शेजारी कोणी दार उघडत नाही. आप्पांना रोज सांगते, शकू आज येईल, शकू उद्या येईल. ते म्हणाले, तिला आता आपली गरज नसेल, इथे तिची माणसं आहेत. विसरलीस रीत?"

मी तिथेच, उंबऱ्यावर बसले. किती दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं. इतकं हसू आलं, आणि त्याच्यामागून रडू. त्यांच्या घरीही तेच चाललं होतं, आप्पांच्या तोंडीही आमच्या ह्यांचीच वाक्यं! मला कशाची भीती वाटत होती ते मी तेव्हाच, सरळ शब्दांत सांगून टाकलं. लीलाताईंनी छत्री दाराशी टेकवली. मग म्हणाल्या, "वाटणारच तुला. तुझं काही चुकलं नाही." आणि घरात शिरून चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं. बोंबील होते. झाकण तितक्याच तत्परतेने परत ठेवलं. "हे तुझं तू जेव. मला चहा टाक."

त्यानंतरची वर्षं आमचा शिरस्ता ठरून गेला. आम्ही नेरूळला स्वतःच्या घरात गेलो, त्यांचं दुखणं सुरू झालं, पण दोघींपैकी कोणी गावाहून आलं की दुसरीने जायचं. लीलाताईंनी तर वाशीची सगळी सोसायटी कामाला लावली. बंद दारं वाजवून, लोकांची खुशाली विचारून विचारून त्यांनी मजल्यावरच्या चारही घरांना एकमेकांची नावं शिकवली.

तेराव्यानंतर त्यांची मुलगी आप्पांना नाशिकला घेऊन गेली. मला वाटलं, झालं, त्या घराशी आता आपलं काय राहिलं? आप्पा मितभाषी, आमच्या गप्पांत ते कधी बसले नाहीत. गेल्या आठवड्यात कळलं की ते परत आलेत, एकटेच. सकाळी उठून बस पकडली.

दार उघडायला वेळ लागला. आप्पा बनियनवर होते, दाढी वाढलेली. मला पाहून दचकले. नायजेरियातल्या खुशालीत एक प्रश्न असतो, जो आपल्याकडे कोणी विचारत नाही: थकवा कसा आहे? उत्तर ठरलेलं, थकवा नाही. माणूस कितीही दमलेला असो, हेच म्हणायचं. मी तोच प्रश्न विचारला, तिथल्याच भाषेत. 

"आहे गं," ते म्हणाले. "फार आहे... ये, आत ये."

आणि दार त्यांनी पूर्ण उघडलं.