उंटीण हर्षदीपने केली होती

हर्षदीप तायडे गेल्याची बातमी मला आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनवरच्या मुलीने दिली. सकाळी मी हजेरीच्या वहीत सही करत होते, आणि ती म्हणाली, ‘मैम, वो पहले यहाँ रिगिंग में थे ना, तायडेजी… ऑफ हो गए.’ आदल्या संध्याकाळी सीतापुऱ्याहून स्कूटरवर घरी येताना त्याला ट्रकने उडवलं होतं. वय एकतीस. दुपारी सरांनी, म्हणजे आमच्या स्टुडिओच्या मालकांनी, सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं, दोन मिनिटं शांतता पाळली आणि म्हणाले, ‘बहुत शांत लड़का था. हमारी टीम का हिस्सा था.’ माझ्या डोक्यात तिडीक गेली. हर्षदीप शांत नव्हता. तो हट्टी होता, भांडकुदळ होता, चहा गार आला तरी ओरडायचा. आणि तो टीमचा हिस्सा होता, तर त्याला टीम सोडायला लावली कुणी? हे तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. मी नेहमीसारखी मूग गिळून उभी राहिले. त्याला आता तीन आठवडे झाले आहेत.

जयपुरात मालवीय नगरला एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ. परदेशी चॅनेलांसाठी आम्ही मुलांच्या थ्रीडी कार्टून मालिका करून देतो. मी नाशिकहून आलेली अ‍ॅनिमेटर, पात्रांना चालवणं-हसवणं माझं काम. पण त्याआधी कुणीतरी पात्राच्या आत हाडं घालावी लागतात, कुठला सांधा किती वळेल, डोळे कुणाकडे बघतील, हे बांधून द्यावं लागतं. त्याला रिगिंग म्हणतात, आणि ते हर्षदीप करायचा. वडील रेल्वेत फिटर, अकोल्याहून बदली होऊन आलेले, घर शास्त्री नगरात. तो जयपुरातच वाढलेला, त्यामुळे त्याचं मराठी अडखळत चालायचं, पण माझ्याशी हट्टाने मराठीतच बोलायचा. एकदा मी विचारलं, कंट्रोलर आणि कन्स्ट्रेंट, दोन्ही मी रोज वापरते, पण नेमका फरक काय रे? ‘अगं, कंट्रोलर मतलब… वस्तू कशी हलणार ते. कन्स्ट्रेंट मतलब कुणाचं ऐकून हलणार ते. एवढं पण नाही येत? नाशिकमध्ये काय शिकवतात तुम्हाला?’ असा हा शांत मुलगा.

मग एक म्हातारी आणि तिची उंटीण यांची मालिका आली. उंटीण नुसती चालायची नव्हती. तिला बसायचं होतं, उठायचं होतं, म्हातारीकडे तिरक्या डोळ्याने बघायचं होतं. हर्षदीपने रस्त्यावर एक उंटगाडी थांबवली आणि गाडीवाल्याला उंट सोडून बसवायला लावला. मग उठवायला लावला. मग पुन्हा बसवायला. मी शेजारी व्हिडिओ घेत उभी. पाचव्या वेळी ‘भाईसाब, बस एक बार और’ म्हटल्यावर गाडीवाला भडकला, ‘ऊँट है साहब, लिफ्ट थोड़े ही है!’ पण त्यानंतर जी उंटीण तयार झाली ती आधी पुढचे पाय मुडपायची, मग मागचे, आणि शेवटी हुश्श करून सगळं अंग जमिनीला टेकवायची. मी कितीदा तरी चिडून म्हणायचे, अरे, गुडघा थोडा उलटा वाकू दे ना, शॉट छान दिसेल. ‘उंटाला विचार,’ म्हणायचा, आणि गुडघ्याला आणखी घट्ट बांधून टाकायचा.

आता जे सांगायचं ते सांगते. एका दृश्यात म्हातारी शेजारणीला पाण्याचा लोटा देते. लोटा आधी म्हातारीच्या हाताचं ऐकतो आणि एका ठरलेल्या क्षणापासून शेजारणीच्या हाताचं. हे जमवायला हर्षदीपने दृश्यात जागोजागी बारीक फुल्या, म्हणजे खुणेचे बिंदू, ठेवल्या होत्या. तयार चित्रात त्या कधीच उमटत नाहीत, पण लोटा, डोळे, उंटिणीची मान, सगळं त्यांच्या भरवशावर असतं. माझं मशीन फार संथ झालं होतं, काम दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. त्या साठ-सत्तर फुल्या मला कचरा वाटल्या. सगळ्या एकदम निवडल्या आणि पुसून टाकल्या. समोरचं चित्र जसंच्या तसं दिसत होतं, म्हणून पुढे चालवून न बघता त्याच फाइलवर सेव्ह केलं. हर्षदीपचीही चूक होती, ती मी सोडणार नाही: त्याने एकाही फुलीला नाव दिलं नव्हतं. पॉइंट एक, पॉइंट दोन, पॉइंट त्रेसष्ट… मला कसं कळावं? पण विचारता आलं असतं. तो माझ्यापासून चार खुर्च्यांवर बसला होता.

दुसऱ्या दिवशी चॅनेलच्या परदेशी पाहुण्यांसमोर पडद्यावर म्हातारी आली, हात पुढे केला, मागे घेतला आणि निघून गेली. लोटा हवेत तसाच राहिला. उंटीण भिंतीकडे टक लावून बघत होती. पाहुणे हसले. ते गेल्यावर सर सगळ्यांसमोर हर्षदीपवर तुटून पडले, ‘तुम्हारा रिग ही कच्चा है!’ तो जागेवर गेला, फाइल उघडली, शेवटचं सेव्ह कुणाच्या मशीनवरून झालंय ते पाहिलं. खालच्या टपरीवर मला गाठून म्हणाला, ‘तू सांगणार, की मी सांगू?’ मी म्हटलं, मीच सांगते, उद्या सकाळी. ‘नक्की?’ नक्की, म्हटलं.

मी सांगितलं नाही. सकाळी सर चिडलेले होते, दुपारी फोनवर होते, तिसऱ्या दिवशी दिल्लीला गेले. कारणं काय, मिळतातच. हर्षदीपने दोन दिवसांत सगळं पुन्हा बांधून दिलं, उंटीण आमच्या घरांतल्या टीव्हीवर आली, मुलांना आवडली. शेवटी नावांची पाटी सरकली. रिगिंग या शब्दापुढे हर्षदीपचं नाव नव्हतं. माझं होतं. नाव चुकलंय हे सांगायला मी सरांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा ते म्हणाले, ‘अरे, तुमने भी तो संभाला था. अगली बार देख लेंगे.’ आणि मी परत येऊन खुर्चीत बसले. त्याच आठवड्यात हर्षदीपने राजीनामा दिला आणि सीतापुऱ्याच्या एका कॉलेजात अ‍ॅनिमेशन शिकवायला लागला. रोजची ती स्कूटर तिथून सुरू झाली. मला मात्र सीनियरची खुर्ची मिळाली.

मला सरांचा राग येतो, ते हे वाचतील तर वाचोत. हर्षदीपचाही येतो. एवढा भांडणारा माणूस, चहावरून भांडणारा, स्वतःच्या नावासाठी का भांडला नाही? सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन मोकळा का नाही झाला? आणि हा प्रश्न मी मेलेल्या माणसाला विचारते, याचा सगळ्यात जास्त संताप येतो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी शास्त्री नगरला गेले. भन्तेजींची वंदना झाली, जेवणं झाली. त्याच्या आई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचं मराठी अजून अकोल्याचंच. ‘मले त्याच्या कामातलं काई समजत नाई, बाई. पण तो घरी येऊन तुह्यावर लई चिडे. म्या म्हटलं, मंग बोल ना तिच्याशी. तर म्हणे, तिनं बोलावं.’ मग म्हणाल्या, कॉलेजात त्याची पुस्तकं पडलीत, आणून देशील का?

गेले. लॅबमध्ये त्याचा वर्ग चालू होता, शिकवायला अजून कुणी आलं नव्हतं म्हणून मुलंच एकमेकांना शिकवत होती. एक मुलगी पुढच्या मशीनवर बसून एक फुली पुसायला निघाली होती. पुसण्याआधी तिने हात वर केला आणि मोठ्याने विचारलं, ‘इसके भरोसे कौन है?’ बाकीचेही तेच दृश्य करत होते, त्यांनी आपापल्या पडद्यावर शोधलं. कोपऱ्यातून एक जण ओरडला, ‘बायीं आँख, मत करना!’ तिने हात खाली घेतला. ही हर्षदीपची शिस्त. विचारल्याशिवाय त्याच्या वर्गात कुणी काही पुसायचं नाही.

मी पुस्तकं गोळा करत होते. त्या मुलीने नाव विचारलं, मी सांगितलं. ‘आप… वो लोटे वाली मैम हैं?’ म्हणजे त्याने प्रत्येक बॅचला सांगितलं होतं. माझ्या नावासकट. पहिल्यांदा माझे कान तापले. मग म्हटलं, हो, मीच. फुल्या मी पुसल्या होत्या, आणि ती उंटीण पहिल्या हाडापासून शेवटच्या सांध्यापर्यंत तुमच्या सरांची, पाटीवरचं माझं नाव खोटं आहे. इतकं साधं वाक्य होतं ते. म्हणायला दहा सेकंदही लागले नाहीत.

ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, खरोखर न कळल्यासारखी. ‘सर तो कहते थे, आप एक दिन खुद बता देंगी. तो मैम… आपने उनको आकर बताया क्यों नहीं?’