त्यू रेस्त

रविवारची दुपार. जेवून कॉटवर आडवा होतो. पंखा फिरतोय. शेजारी टीव्हीवर कुणी तरी हसतंय, मग ते हसणं लांब जातं आणि स्वयंपाकघरातून शरयूचा आवाज येतो.

शरयू माझी बायको. गेल्या श्रावणात गेली. शेवटी शेवटी ती फ्रेंच शिकत होती, कारण आमची ऋता लग्न करून फ्रान्सला गेली आणि तिच्या मुलीला, क्लाराला, मराठी येत नाही. मी शिकलो नाही. नातीशी बोलणं हे शरयूचं खातं. ती गेल्यावर मी रडलोही नाही. कुणी विचारलं की "बरा आहे" म्हणतो, आणि ऋताचा फोन आला की वाजू देतो.

"अहो, उठा. क्रियापदं राहिलीत."

मी उठतो. ती ओट्याशी पाठमोरी उभी आहे. नवल वाटत नाही. काहीच वाटत नाही. खिडकीबाहेर सांगलीचा एसटी स्टँड आहे. गाड्या येतात, पण त्यांना आवाज नाही.

"रेस्ते म्हणजे राहणं," ती सांगते. "सरळ क्रियापद आहे. शेपूट काढायचं आणि ज्याचं त्याला लावायचं. जं रेस्त, मी राहते."

"कुठं राहतेस?"

"मध्ये बोलू नका. त्यू रेस्त." ती वळून माझ्याकडे बोट करते. "तू राहतोस."

अख्ख्या संसारात तिनं मला कधी अरे-तुरे केलं नाही.

"मला तू म्हणालीस."

"त्यांच्यात घरच्या माणसाला तूच म्हणतात. म्हणा आता."

"तू रेस्त."

"तू नाही हो, त्यू. शीळ घालताना करता तसे ओठ करा आणि आतून ई म्हणा." ती माझे दोन्ही गाल बोटांनी दाबून धरते. "हां. असं."

आम्ही स्टँडच्या बाकावर बसलोय. तिच्या मांडीवर पिशवी आहे.

"इल रेस्त, तो राहतो. वू रेस्ते, तुम्ही राहता. झालं."

"आणि आपण?"

"काय आपण?"

"आपण राहतो, ते कसं म्हणायचं?"

ती समोर लागलेल्या गाडीकडे बघते. "नू रेस्तों," हळूच म्हणते. "ते तुम्हाला आता लागायचं नाही."

"मी येतो तुझ्याबरोबर."

"आत्ता काय शिकवलं?"

"त्यू रेस्त."

"मग?"

ती पिशवी उचलते आणि गाडीत चढते. खिडकीशी बसते, पण माझ्याकडे बघत नाही. मला वाटतं, आता रडू येईल. येत नाही. फक्त गाल दुखतात.

फोन वाजतोय. डोळे उघडतो. पंखा, कॉट, दुपार. ऋताचा व्हिडिओ कॉल. उचलतो.

"बाबा! उचललात!" ती हसते, मग पडद्याच्या जवळ येते. "गालाला काय लागलंय हो? दोन्हीकडे आहे."

मी हात लावतो. पापुद्रा धरलाय. नखानं काढून बघतो.

"कणीक आहे."

"कणीक? तुमच्या तर पोळ्यासुद्धा डब्यातून येतात ना?"

"हो," मी म्हणतो, आणि ती चिमटीत दाबून बघतो. वरून वाळलीय. आत अजून मऊ आहे.