उंदरांसाठी राखलेला कोपरा

साखरशेतच्या आमच्या सासऱ्यांइतका उंदरांचा विचार खुद्द मांजरांनीही कधी केला नसेल. घरातल्या कुठल्या कोपऱ्याबद्दल उंदरांचं काय मत आहे, हे ते छातीठोकपणे सांगत. त्यांनी उंदीर मारले नाहीत, त्यांना वळण लावलं. पडवीत लाकडांमागे रोज भाकरीचा तुकडा टाकायचा आणि आतल्या धान्याच्या कणगीपाशी खुडबुड झाली की पत्र्याचा डबा बडवायचा. "पोट भरलं ती जागा जनावर इसरत नाय, आन् भ्यालं ती पण नाय," असं त्यांचं म्हणणं. डबा वाजला की उंदरांआधी मी उडायचो. दुसरी खोड म्हणजे सासूबाई चुलीपुढे कोसळून गेल्या तेव्हापासून ते जेवायला बाहेर ओट्यावर बसत, झड लागली तरी.

त्या कणगीत सासूबाईंनी दरवर्षी कणसं निवडून राखलेलं नाचणीचं बी होतं. तसं बी आता कुणाकडेच उरलेलं नाही. पेरणी दहा दिवसांवर असताना मी, मोखाड्याच्या कचेरीतला कारकून, जावईपणाच्या उत्साहात बाजारातून पिंजरा आणला आणि उंदीर येतात तिथेच, लाकडांमागे, लावला. सकाळी एक सापडला. तो जिवाच्या आकांताने चिरकत होता आणि मी शाबासकीची वाट बघत होतो. सासऱ्यांचा चेहरा उतरला.

"पावणं, तुमी एक धरला. बाकीच्यांना तठं मरण दिसलं. आता ते कणगीकडं जातील."

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी भाकरी तशीच पडून आणि कणगीच्या बुडाला बोटभर भोक. बी डब्यात भरू म्हटलं, तर "घामेजतं, मग उगवत नाय," म्हणाले आणि कणगीला पाठ लावून बसले. मी रजा टाकली. पिंजऱ्याचा वास जावा म्हणून पडवी पुन्हा शेणाने सारवली, लाकडं पहिल्यासारखी रचली, पिंजरा ओहोळापलीकडे नेऊन टाकला. रोज सकाळी आम्ही दोघं तुकडा बघायला जायचो. रोज तो अख्खा. माझ्या मूर्खपणापायी सासूबाईंची नाचणी संपणार, हे मला दिसत होतं.

आठव्या सकाळी तुकड्याची कड कुरतडलेली दिसली. सासऱ्यांनी लगेच शेजारी दुसरा तुकडा टाकला. निम्मं बी वाचलं होतं, पेरण्यापुरतं.

दुपारी माझ्या बायकोने मोठ्या आशेने चुलीपुढे पाट मांडले आणि वडिलांना हाक मारली. ते चौकटीपर्यंत आले, चुलीकडे बघत थोडा वेळ उभे राहिले.

"आज नको, बाय. उद्या बघू," असं म्हणत त्यांनी ताट उचललं आणि ते ओट्यावर गेले. मीही माझं ताट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.