आत्याची गाडी

आत्यांनी चादरीचं एक टोक हनुवटीखाली दाबलं होतं, दुसरं डाव्या हातात होतं. घडी अर्ध्यावर आली नाही तोच भाची दारात हजर. गाड्यांच्या शर्यतीच्या खेळासाठी नवा कंट्रोलर घ्यायचाय, तो आत्याच्या हाताला बसायला हवा, तेव्हा तिनंच यायचं, असा तिचा हेका. चादर तशीच पलंगावर राहिली.

शाळांचे गणवेश शिवण्यात आत्यांचा उभा जन्म गेला. संध्याकाळी शिलाईचं दुकान बंद केलं की भाचीशी शर्यत, आणि जिंकल्या की जेवण होईपर्यंत तिला टोमणे. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. देवाच्या दयेनं चालणंबोलणं सावरलं, उजवा हात तेवढा रुसला. व्यायाम सांगितले होते, पण आत्यांनी त्या हाताचं नावच टाकलं. दुसऱ्याचं सामान सांभाळावं तसा तो मांडीवर घेऊन बसायच्या आणि भाचीला म्हणायच्या, तू खेळ, मी बघते. हात असाच पडून राहिला तर कायमचाच जाईल, हे भाचीच्या जिवाला लागलं होतं.

खेळांच्या दुकानात दुकानदारानं एकेक कंट्रोलर पुढे ठेवला. एक बोजड, दुसरा हातातून निसटे, तिसऱ्याच्या बटणावर उजवा अंगठा टिकेचना. शेवटी त्यानं एका हातानं चालणारा काढला. आत्यांचा चेहरा पडला. तो घेणं म्हणजे उजव्या हाताला निरोप देण्यासारखंच. चल घरी, त्या म्हणाल्या.

वळताना पाय कशाला तरी लागला. खाली पायडल होतं, वर टेबलाला स्टिअरिंग बसवलेलं. हेही कंट्रोलरच, दुकानदार म्हणाला. आत्या खुर्चीत टेकल्या आणि सवयीनं पाय चालवू लागल्या: चवडा, टाच, चवडा, टाच. पडद्यावरची गाडी उचकी लागल्यासारखी पुढे सरकायची, थांबायची.

"आत्या, तू गाडी चालवतेयस की शिवतेयस?"

दुकानदारानं तोंड फिरवून हसू दाबलं. आत्यांना मात्र ते दाबता आलं नाही. मग त्यांनी चवडा दाबूनच धरला. गाडी सुसाट सुटली आणि पहिल्याच वळणावर भिंतीवर आदळली. एका हातानं चाक पुरतं फिरेना. मग त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलला आणि सुईखाली कापड सरकवावं तसा अलगद चाकावर ठेवला. बोटं मिटली नाहीत, पण तळवा टेकून राहिला. पुढचं वळण आलं. चाक फिरलं, त्याच्याबरोबर तळवाही फिरला.

"गेली की गं," आत्या हळूच म्हणाल्या.

बटणांचा कंट्रोलर हलका पडेल, कुठेही नेता येईल, असं दुकानदारानं सुचवून पाहिलं. आत्यांनी मान हलवली.

"बटणं मी जन्मभर लावलीत. आता दाबायचा सोस नाही."

घरी भाचीनं चाक टेबलाला बसवलं. टेबल उंच पडलं; उजवा हात खांद्यापासून लोंबकळू लागला, घसरू लागला. आत्यांनी तो पुन्हा वर ठेवला, पुन्हा घसरला, पुन्हा ठेवला. मग वाकून टेबलाच्या पायांकडे नीट पाहिलं आणि टेबल किती कमी करायचं ते वितीनं मोजलं. भाची म्हणाली, मी करून आणते. आत्या म्हणाल्या, बसून बघायला मलाच यावं लागेल.

उद्या सकाळी दोघींना टेबल घेऊन सुताराकडे जायचं आहे.