मालतीआजींच्या फोटोतली चौथी मुलगी

भूत-बित म्हटलं की मला हसू येतं, हे आधीच सांगून टाकतो. माझा फोटो स्टुडिओ आहे. आधार कार्डासाठी लोक जे चेहरे करून बसतात ना, त्यापुढे भुतं काय घाबरवणार!

तर झालं असं... गेल्या वर्षी इथे डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवरच्या आमच्या गणपती मंडळानं जुन्या डोंबिवलीच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. घरोघरचे पिवळे पडलेले फोटो दुरुस्तीला माझ्याकडे आले. त्यातला एक शेजारच्या सोसायटीतल्या मालतीआजींचा. मागे भाताची शेतं, पुढे विहीर, विहिरीपाशी परकर-पोलक्यातल्या तीन मुली. डावी बाजू बुरशीनं पार खाल्लेली.

"तिथे शकू आहे," आजी म्हणाल्या. "माझी धाकटी बहीण. त्याच वर्षी तापानं गेली. दुसरा फोटोच नाही रे तिचा. आणि आता मला तिचा चेहरा आठवत नाही."

"आजी, तिथे काहीच उरलं नाहीये. तुम्ही तिघीच असाल."

"वेडा आहेस का? तिघांचा फोटो कुणी काढायचं का तेव्हा? अपशकुन! चौथं कुणी नसेल तर फोटोग्राफर शेजारचं पोर आणून उभं करायचा."

मला फार वाईट वाटलं. पण नसलेला चेहरा आणायचा कुठून? एआयनं एखादी गोड मुलगी बसवली असती — पण ती शकू नसती. शेवटी मी त्या जागी शेतच पुढे वाढवलं, तिघींची प्रिंट काढली, स्वतः फ्रेम केली आणि भर दुपारी आजींकडे गेलो. अगदी जिवावर आलं होतं.

आजींनी वरचा कागद सोडला, चष्मा लावला... आणि खुदकन हसल्या. "ही बघ! तो फोटोग्राफर हलू नका म्हणून ओरडतोय, आणि ही शकू खिदळतेय!"

मी वाकून पाहिलं. डावीकडे चौथी मुलगी! एक वेणी सुटलेली, डोळे मिटून हसणारी. अंगावर सर्रकन काटा आला. पण आजी इतक्या खूश होत्या, की मीही हसायला लागलो.

दुकानात येऊन फाईल उघडली — तिघी. पुन्हा प्रिंट काढली — तिघीच. तसाच धावत परत गेलो.

"आजी, फ्रेम जरा द्या ना, स्कॅन करून बघतो."

आजींनी फ्रेम पोटाशी घट्ट धरली. "मुळीच नाही. तू नेलीस आणि आम्ही परत तिघीच झालो, तर?"

मग फ्रेम आजींपाशीच राहू दिली आणि मी दुकानात परतलो. त्या फोटोचं कोडं मात्र मला अजूनही सुटलेलं नाही.